एका दिवसाचा उशीर

कारखान्यात त्याला सगळे कानसेन म्हणत. गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. न्हाणीघरात तो गुणगुणायला लागला की बायको नळ मोठा सोडायची. त्याचं काम होतं भट्टीतून निघालेली बेसिनं ठोकून बघण्याचं. हातात लाकडाची छोटी हातोडी आणि समोर पांढऱ्याशुभ्र बेसिनांची रांग. एक ठोका काठावर, एक पोटाला. आवाज खणखणीत आला की बेसिन पास. बद्द आला की आत कुठेतरी डोळ्याला न दिसणारी चीर आहे असं समजायचं आणि ते बाजूला काढायचं. त्याचा हात लागल्याशिवाय एकही बेसिन पॅकिंगकडे सरकत नसे. ही गोष्ट तो स्वतः कधी विसरला नाही आणि दुसऱ्यांनाही त्याने विसरू दिली नाही.

सत्तावीस वर्षांत तो एकदाही उशिरा आला नव्हता. यात त्याचं कर्तृत्व किती आणि बसचं किती, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. कारखाना गावापासून नऊ किलोमीटरवर. पाण्याच्या टाकीजवळच्या कोपऱ्यावर सहा दहाला कारखान्याची बस यायची, एकतीस माणसं भरायची आणि पावणेसातच्या पहिल्या भोंग्याआधी त्यांना फाटकात पोचवायची. बसवाल्यांची हजेरीही बसच लावायची. ड्रायव्हर फाटकावर नुसता आकडा सांगायचा, "एकतीस", की एकतीस नावांपुढे टिंबं पडायची. वाटेत बस पंक्चर झाली तर तो उशीर कारखान्याचा, माणसांचा नाही. अशा व्यवस्थेत वेळेवर येणं म्हणजे छपराखाली कोरडं राहण्यासारखं होतं. कानसेनला मात्र वाटायचं, पाऊस आपणच अडवलाय.

बसचा ड्रायव्हर त्याचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. तिने त्याला कडेवर खेळवलेलं, त्यामुळे पन्नाशीला टेकला तरी तिच्या लेखी तो अजून कडेवरच होता. माणूस सरळ होता. गल्लीतून कुणी धावत येताना दिसलं, छत्री वर झालेली दिसली, की तो बस थांबवायचा. पॅकिंगच्या मावशींचे गुडघे गेलेले, त्यांच्यासाठी तर दोन-दोन मिनिटं इंजिन चालू ठेवून उभा राहायचा. दर रविवारी तो ताईकडे जेवायला यायचा, आणि तिथेच एका रविवारी माशी शिंकली.

मेहुणा सहज म्हणाला, की हल्ली पाठ फार दुखते. यावर कानसेनने "औषध लाव" म्हणायला हवं होतं. त्याऐवजी तो म्हणाला, "तुझी कसली पाठ दुखते? दिवसभर बसूनच तर असतोस. रस्ता सरळ, वळणं चार. एवढ्या वर्षांत बसला रस्ता पाठ झालाय. तू नसलास तरी ती आपली आपण पोचेल."

मेहुण्याने हातातला घास ताटात ठेवला, हात धुतले आणि "ताई, येतो" म्हणून निघून गेला.

"उचलली जीभ लावली टाळ्याला," बायको म्हणाली.

"गंमत केली मी."

"मग तो हसला का नाही?"

पुढच्या शनिवारी बुटाची नाडी तुटली, नाडीपायी अर्धं मिनिट गेलं. कानसेन गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हा बस उभी होती. त्याने छत्री वर केली. बस हलली. मागच्या खिडकीतून मावशी हातवारे करून ओरडताना दिसल्या, आणि बाजूच्या आरशात मेहुण्याचे डोळे दिसले. त्या डोळ्यांनी त्याला पाहिलं होतं, याबद्दल कानसेनला तेव्हाही शंका नव्हती आणि नंतरही नव्हती. बस वळणावरून नाहीशी झाली.

तो चालत आणि वाळूच्या एका ट्रकमधून असा आठला दहा कमी असताना पोचला. नावापुढे लाल रेघ पडली, सत्तावीस वर्षांतली पहिली. फाटकावरच्या माणसाने ती ओढताना त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, पण कानसेनला ती रेघ आपल्या कपाळावर ओढल्यासारखी वाटली. जेवणाच्या सुट्टीत तो मेहुण्यासमोर जाऊन उभा राहिला.

"वेळ म्हणजे वेळ, भाऊजी," मेहुणा डब्यातून मान वर न करता म्हणाला. "बसला रस्ता पाठ आहे. माणसं पाठ नाहीत."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करणार कुणाकडे? त्याच संध्याकाळी कानसेनने घरात जाहीर केलं, की या बसची पायरी मी पुन्हा चढणार नाही. रोज सायकलने जाईन. पाऊस असो, थंडी असो. बायकोने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर दोन्ही होती. त्यांच्याकडे थंडी यायची ती पावसाचं बोट धरूनच, आणि तीन-चार महिने दोघं जायचं नाव घ्यायची नाहीत.

घरात सायकल होती, पण मुलीची. मुलगी शिकायला परगावी गेलेली. सायकल जांभळी, पुढे बास्केट. छप्पन्न वर्षांचा कानसेन तिच्यावर बसला की गुडघे दोन्ही बाजूंना बाहेर यायचे. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, त्याने रंगीत तालीम केली. बंद फाटकापर्यंत जायला एक तास बारा मिनिटं लागली, आणि परत आला तो जो आडवा झाला तो दिवे लागेपर्यंत उठला नाही.

सोमवारी पाय उचलेनात, म्हणून बसनेच जावं लागलं. पायरी चढणार नाही म्हणाला होता, ती दोन दिवसांत चढला. तो सगळ्यात मागे जाऊन खिडकीकडे तोंड करून बसला. आरशातून आवाज आला, "आज सायकलला सुट्टी का, भाऊजी?" सगळी बस हसली. मावशी तेवढ्या हसल्या नाहीत. शेजारच्या सीटवरची आपली पिशवी उचलून त्यांनी त्याला पुढे बोलावलं, पण तो गेला नाही.

त्या हसण्याने त्याला शहाणपण शिकवलं. सगळं एकदम जमणार नाही हे त्याने ओळखलं आणि एक वही केली. पहिले दोन आठवडे फक्त बुधवार. बाकीचे दिवस बस, आणि बसमध्ये मौन. तिसऱ्या आठवड्यात बुधवारच्या जोडीला सोमवार. कपडे वाळायला दोन दिवस लागतात, म्हणून लागोपाठ दोन दिवस जायचं नाही. मग बुटांचा दुसरा जोड मिळवल्यावर लागोपाठ जायचं. प्रत्येक बुधवार म्हणजे मेहुण्याचं तोंड न बघण्याचा एक दिवस, असा त्याचा हिशोब होता. माणूस देवासाठी करणार नाही एवढी तपश्चर्या रागासाठी करतो.

आणि खरं सांगायचं तर त्याला ते जमू लागलं. लोकरीच्या मोज्यावरून प्लास्टिकची पिशवी चढवायची आणि मग बूट घालायचा, म्हणजे पाय ओले झाले तरी गार पडत नाहीत, हे त्याला कळलं. हातमोज्यांवरून भांडी घासायचे रबरी मोजे चढवायचे. सदऱ्याच्या आत छातीवर वर्तमानपत्र, कारण वारा पावसापेक्षा वाईट. चष्मा खिशात ठेवायचा. वाफ धरलेल्या काचेपेक्षा अंधुक डोळा बरा. ओल्या चाकाला ब्रेक लागत नाहीत, म्हणून पुलाचा उतार सुरू व्हायच्या आधीच दाबून धरायचे. रस्त्यावरचे पांढरे पट्टे पावसात तेलासारखे निसरडे. हे शेवटचं ज्ञान त्याला कोपर सोलवटून मिळालं होतं. सगळं तो वहीत लिहायचा, तारीख आणि मिनिटांसकट. एक तास बाराचे सत्तावन्न झाले, मग पन्नास, मग पंचेचाळीस.

घरात मात्र सगळीकडे ओलं लोंबत होतं. खुर्च्यांच्या पाठीवर विजारी, दाराच्या कडीला मोजे, चुलीशेजारी बूट. बायको ते फिरवून फिरवून वाळवायची. रविवार सुनासुना झाला होता. भाऊ येत नव्हता, आणि त्याला बोलवावं तर नवरा फुरंगटून बसणार.

एकदा बूट पिळल्यासारखे उलटे करता करता ती म्हणाली, "अहो, एक विचारू? हे सगळं 'चुकलं माझं' म्हणण्यापेक्षा सोपं आहे का?"

"चूक त्याची आहे."

"आधी तुमची, मग त्याची. दोघांची मिळून माझी."

कानसेनने वही उघडून त्या दिवसाची मिनिटं लिहिली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभही शाबूत होता.

ऐन थंडीत, बोटांची नखं निळी पडायच्या दिवसांत, त्याने पहिल्यांदा आठवड्याचे सगळे दिवस सायकलवर केले. शेवटच्या दिवशी पाऊस आडवा येत होता. पुलावर मागून बस आली. पाणी उडणार म्हणून त्याने अंग आखडलं, पण बस हळू झाली, पार पलीकडच्या कडेने गेली आणि त्याच्यावर थेंबही उडाला नाही. मेहुण्याने मुद्दाम सांभाळून नेली होती. त्याबद्दल बरं वाटावं तर कानसेन उलट चिडला. याची दया कुणाला हवी होती? त्याने दात आवळून पायडल मारलं.

याच सुमाराला कारखान्यात नवे साहेब आले. वयाने लहान, बोलायला गोड, सगळ्यांना "अहो-जाहो" करणारे. खिडकीतून त्यांना रोज सकाळी एक माणूस जांभळ्या सायकलवरून निथळत येताना दिसायचा. एक दिवस त्यांनी त्याला केबिनमध्ये बोलावून चक्क खुर्ची दिली. सत्तावीस वर्षांत कानसेन त्या केबिनमध्ये उभाच राहिला होता.

"नऊ किलोमीटर? या पावसात? रोज?" साहेबांनी चहा पुढे केला. "वय काय म्हणालात?"

"छप्पन्न."

"कमाल आहे हो तुमची. जरा सांगा ना, कसं जमवलंत."

हरभऱ्याच्या झाडावर चढवायला दुसरी शिडी लागत नाही. कानसेन पाऊण तास बोलला. पिशवीचे मोजे, रबरी मोजे, पहिल्या दोन आठवड्यांतला बुधवार, ब्रेक, पट्टे, छातीवरचं वर्तमानपत्र, सगळं सांगितलं. टायपिस्ट बाई लिहून घेत होत्या. त्याने वहीही आणून दाखवली. महिनोन्महिने घरात आणि बसमध्ये कुणी त्याला हे विचारलं नव्हतं. कुणीतरी विचारावं म्हणून तो किती तळमळत होता, हे त्याला स्वतःलाही त्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

"म्हणजे ठरवलं तर कुणालाही जमेल म्हणा," साहेब म्हणाले.

"मनात आणलं तर कुणालाही जमतं, साहेब." इथे थांबला असता तरी निभावलं असतं. पण त्याच्या डोळ्यांसमोर तो आरसा आला आणि आरशातले ते डोळे आले. "बस म्हणजे नुसते लाड आहेत."

साहेबांनी टायपिस्ट बाईंकडे बघून मान हलवली. बाहेर जाऊन सायकलशेजारी त्याचा फोटो काढण्यात आला.

पंधरा दिवसांनी नोटीस लागली. एक तारखेपासून कारखान्याची बस बंद. व्यवस्था महिनाभर प्रायोगिक तत्त्वावर. कामात अडथळा आल्याचं दिसलं तर बस पूर्ववत सुरू करण्यात येईल. ड्रायव्हरची नोकरी त्याच तारखेपासून स्थगित, प्रयोगाचा निकाल येईपर्यंत. नोटिशीबरोबर प्रत्येकाला एकेक गुळगुळीत पत्रक वाटलं होतं, "सायकलने कामावर: सहा आठवड्यांत". पत्रकात दहा मुद्दे होते आणि दहाच्या दहा मुद्दे कानसेनच्या वहीतले. वर त्याचा फोटो, आणि फोटोखाली ठळक अक्षरांत त्याचं वाक्य: मनात आणलं तर कुणालाही जमतं. बस म्हणजे नुसते लाड आहेत.

त्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून साहेबांनी एकतीस माणसं टिपली होती, आणि खांदा त्याने स्वतः नेऊन दिला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

कुणी भांडायला आलं असतं तर बरं झालं असतं. पण कुणी आलं नाही. तो पाणी प्यायला गेला की नळाजवळची माणसं संपलेला पेला विसळून चालती व्हायची. फक्त मावशी आल्या. पत्रकाची व्यवस्थित घडी घालून त्यांनी ती त्याच्या टेबलावर ठेवली.

"मला सायकल येत नाही रे," त्या म्हणाल्या. "पंधरा महिने राहिलेत माझे. गुडघ्यांना सांगून बघते, मनात आणा म्हणून."

त्या टोमणा मारत नव्हत्या.

तो तडक साहेबांकडे गेला. सगळ्यांना जमणार नाही, म्हाताऱ्या बाया आहेत, लांबची माणसं आहेत, मी बोललो ते तोंडातून निघून गेलं, असं सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पण तुम्ही तर आजही सायकलवरच आलात ना?" त्यांनी त्याच्या हातातल्या रबरी मोज्यांकडे बघितलं. मोज्यांतून गालिचावर पाणी गळत होतं. "आणि वेळेच्या वीस मिनिटं आधी. अहो, तुम्ही स्वतःला कमी लेखू नका."

"मी उद्यापासून नाही येणार सायकलवर."

"मग कसे याल?" साहेबांनी अगदी काळजीने विचारलं.

नोटीस लागली त्याच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मेहुणा घरी आला. कित्येक महिन्यांनी आला होता. कानसेन उठून उभा राहिला. आता हा गळा धरणार, आणि धरला तर धरू द्यायचा, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. पण मेहुण्याने छत्री कोपऱ्यात ठेवली आणि तो खाली बसला. तीन दिवसांत त्याचे गाल बसले होते. बायको चहाला गेली नाही. ती दाराला टेकून तिथेच उभी राहिली.

"त्या दिवशी मी थांबायला हवं होतं, भाऊजी," तो म्हणाला. "मी बघितलं होतं तुम्हाला."

हेच वाक्य ऐकायला कानसेनने एवढा हिवाळा सायकल हाणली होती. ते ऐकून त्याला काहीच वाटलं नाही, वाटली ती फक्त लाज. "जाऊ दे," तो कसाबसा म्हणाला. "मीही नको ते बोललो."

"एक मागायला आलोय." मेहुण्याने हात गुडघ्यांवर ठेवले. "बरेच जण सोडून चाललेत. काहींनी कुणाच्या स्कूटरवर मागे बसून जायचं ठरवलंय. टाकीजवळचे सात जण उरतात. ते एक तारखेला चालत निघणार आहेत, मावशीही. त्यांना उशीर होणारच. पण साहेब म्हणतील, यांची ऐपत नाही, तो बघा छप्पन्न वर्षांचा माणूस वेळेवर आलाय. तुम्ही त्यांच्याबरोबर चाला. एक दिवस. एकच दिवस उशीर करा, भाऊजी."

"माझ्या एकट्याच्या उशिरानं काय होणार?"

"तुम्ही ठोकल्याशिवाय बेसिन हलतं का? तुम्ही नाहीत तर पॅकिंग नाही. पॅकिंग नाही तर नऊचा ट्रक खोळंबून उभा राहील. मग वरून फोन येईल. नोटिशीत लिहिलंय, अडथळा आला तर बस सुरू करू. अडथळा तुम्हीच आहात, दुसरं कुणी नाही."

हे खरं होतं. सत्तावीस वर्षं तो हेच सगळ्यांना ऐकवत आला होता.

"करतो," कानसेन म्हणाला.

"शब्द?"

"शब्द."

दाराशी बायकोने पदर डोळ्यांना लावला आणि मग ती चहा टाकायला गेली.

एक तारखेला पहाटे सव्वापाचला टाकीजवळ सात माणसं, कानसेन आणि एक जांभळी सायकल असा ताफा निघाला. सायकल कशाला आणली, असं कुणी विचारलं नाही. परत येताना मावशींना मागे बसवता येईल, असं त्याने आपणहून सांगितलं. पाऊस बारीक होता, पण गार. मावशी भिंतीचा, मग कठड्याचा, मग त्याच्या दंडाचा आधार घेत चालत होत्या. हळूहळू माणसं त्याच्याशी बोलायला लागली. भट्टीवाल्याने त्याला पिशवीच्या मोज्यांवरून चिडवलं. एकाने सांगितलं, की बारा नंबरच्या मुद्द्याप्रमाणे साहेबांनाही सायकलवर घालून पावसात भिजवायला पाहिजे. मुद्दे दहाच होते, तरी सगळे हसले, आणि कानसेनही हसला. इतक्या दिवसांत आपण किती एकटे पडलो होतो, हे तेव्हा त्याला जाणवलं.

पूल ओलांडला तेव्हा साडेसहा झाले होते. त्याने घड्याळ बघितलं. मग बाही खाली ओढली. मग पुन्हा वर केली. अजून तीन किलोमीटरच्या वर होतं, या चालीने साडेसात होणार होते. होऊ देत, त्यासाठीच तर निघालो, असं तो स्वतःला बजावत होता. पण पाय त्याचं ऐकत नव्हते. तो दहा पावलं पुढे जायचा आणि थांबून वाट बघायचा. पुन्हा पुढे जायचा, पुन्हा थांबायचा. लाल रेघ आठवली की त्याच्या कानशिलात गरम व्हायचं. एक दिवस, तो म्हणायचा, एकच तर दिवस. आणि लगेच मनात यायचं, दुसरी रेघ.

पावणेसातला, ओल्या शेतांवरून, पहिला भोंगा झाला. सत्तावीस वर्षांत एक दिवस सोडला तर तो भोंगा त्याने नेहमी फाटकाच्या आत ऐकला होता. बाहेरून तो फार लांबचा आणि दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

"मी पुढे जाऊन फाटकावर सांगतो," तो म्हणाला. "तुम्ही येताय म्हणून."

"सांगून काय होणार?" मावशींनी विचारलं.

"नुसतं सांगतो. आत जात नाही मी. बाहेरच थांबतो."

मावशींनी त्याच्या दंडावरचा हात काढून घेतला. कुणी अडवलं नाही. अडवलं असतं तर कदाचित थांबलाही असता, असं तो पुढे बरेच दिवस स्वतःला सांगणार होता.

आणि बाहेरच थांबायचं हे त्याने खरोखरच ठरवलं होतं. शपथेवर सांगितलं असतं त्याने. फाटकाशी तो सायकलवरून उतरला तेव्हा घड्याळात सहा अठ्ठावन्न झाले होते. सातच्या दुसऱ्या भोंग्यानंतर येणाऱ्याला लाल रेघ. दोन मिनिटं. दोन मिनिटं भिंतीकडे तोंड करून उभा राहिला असता तरी काम झालं असतं. पण फाटकात छत्री घेऊन साहेब स्वतः उभे होते.

"आलात," साहेब हसले. "मला खात्री होती. बाकी कुणी नाही, पण तुम्ही येणार."

फाटकावरच्या माणसाने वही उघडून पेन त्याच्या नावावर टेकवलं होतं, पेन निळं होतं, आणि कानसेन आत गेला.

मग आत गेल्यावर काम समोर होतं. भट्टीतून बेसिनं निघत होती. हळू ठोकावं, एकेकाला पाच मिनिटं लावावीत, एवढंही त्याला सुचलं नाही; हात नेहमीसारखा चालला. साडेसातला मावशी आणि बाकीचे निथळत आत आले, सातही जणांच्या नावापुढे रेघ ओढवून घेऊन. पॅकिंगच्या टेबलापाशी पास झालेली त्रेचाळीस बेसिनं त्यांची वाट बघत उभी होती. मावशींनी ती नजरेने मोजली. ओले हात पोटाशी पुसले आणि पहिल्या बेसिनभोवती पुठ्ठा गुंडाळायला घेतला. नऊचा ट्रक नवाला गेला.

परतीच्या वेळी तो सायकल घेऊन फाटकाबाहेर मावशींसाठी थांबला. त्या त्याच्या शेजारून चालत गेल्या.

संध्याकाळी घरी पोचला तेव्हा बायको दारातच होती. ती दिवसभर दारातच असावी अशी उभी होती.

"झालं का?" तिने विचारलं.

"झाला," तो बुटाच्या नाडीशी वाकत म्हणाला. "झाला उशीर."

"किती?"

"बराच."

त्याची गाठ सुटत नव्हती.

"दुपारी त्याचा फोन आला होता," ती म्हणाली. "मावशींनी त्याला कळवलं. तुम्ही दोन मिनिटं आधीच पोचलात म्हणे."

तो वाकलेलाच राहिला.

"मी रडले तर मलाच समजावत होता. भाऊजींना बोलू नकोस म्हणाला. त्यांच्यानं होणार नाही हे मला तेव्हाच माहीत होतं, तरी तुझ्या समाधानासाठी विचारून बघितलं, म्हणाला."

पावसाचा जोर वाढला होता. तिने छत्री घेतली, पायांत चपला सरकवल्या आणि त्याच्या बाजूने वाट काढत ती भावाकडे निघाली.